पाणी येतंय, तरी ई१ जाईना

डिशवॉशरच्या माहितीपुस्तिकेत शेवटी शेवटी कोडचा एक तक्ता असतो. या घरातल्या मशीनच्या तक्त्यात ई१ समोर लिहिलंय, ‘पाणी भरायला जास्त वेळ लागतोय’. शेजारच्या रकान्यात कारणं तीन: नळ नीट उघडलेला नाही, पाण्याची वाट कुठंतरी अडलीय, किंवा दाब कमी आहे. ई३ म्हणजे पाणी हवं तेवढं तापत नाही. ई४ म्हणजे मशीनच्या तळात पाणी सांडलंय. (हे कोड या मशीनचे. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला त्याच बिघाडाची वेगळी अक्षरं असतात, तेव्हा आपल्या मॉडेलचीच पुस्तिका बघायची.)

ई१ ची जी तीन कारणं छापलीत, त्यातलं एकही इथं मूळ कारण नव्हतं. पण तिन्ही खरी वाटावीत अशीच त्या घरातली परिस्थिती होती. त्यामुळं गणपती येऊन गेले, नवरात्र तोंडावर आलं, तरी सगळे नळाकडंच बघत बसले होते.

घर आणि मशीन

घर कोल्हापुरात, सानेगुरुजी वसाहतीत, माझ्या आत्तीचं. आत्ती आणि मामा दोघंच वरच्या मजल्यावर राहतात. मामा म्हणजे आत्तीचे मिस्टर, आमच्याकडं आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. खाली भाडेकरू. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिथं वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर शेजारी शेजारी, आणि बरोबर डोक्यावर गच्चीत हजार लिटरची टाकी.

मशीन २०२० सालचं. लॉकडाऊनमध्ये भांड्याच्या मावशी यायच्या बंद झाल्या तेव्हा मुलानं पुण्यातून मागवून दिलं. आत्तीनं आधी नाक मुरडलं होतं, पण रविवारी तांबडा-पांढरा झाला की तेलाच्या तवंगाची पातेली आणि वाट्या आत रचायच्या आणि झोपायला जायचं, ही सवय तिला लागली ती लागलीच. पितळी डबे, लोखंडी तवा आणि ॲल्युमिनियमची कढई ती अजून हातानंच घासते, आणि ते बरोबरच आहे. मशीनच्या पावडरीनं ॲल्युमिनियम काळं पडतं आणि तव्याला गंज धरतो.

तक्रार कशी वाढत गेली

गौरी-गणपतीनंतर ई१ दिसायला लागला. रोज नाही. सकाळी मशीन लावलं तर बहुतेक वेळा नीट चालायचं, रात्री जेवणानंतर लावलं की थोड्या वेळानं टुंग टुंग करून थांबायचं. दार उघडलं की तळ कोरडा ठाक.

“मी नळ पूर्ण सोडलो होतो की रे,” आत्ती फोनवर म्हणाली. (पेठेतल्या माहेरची बाई, ‘सोडलो’च म्हणणार.)

मामांचा संशय महापालिकेच्या पाण्यावर. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचलं, तेव्हापासून घरात पाण्याचं काहीही झालं की मामांची गाडी तिथंच जाते. पण नळाचं पाणी त्यांच्या घरात थेट मशीनला जातच नाही. ते खालच्या हौदात पडतं, मोटर लावून गच्चीवर चढतं आणि तिथनं उताराच्या दाबानं खाली येतं. रस्त्यावरच्या लाईनीत प्रेशर किती का असेना, ते हौदापाशी संपलं. ही गोष्ट शहरातल्या बऱ्याच बंगल्यांना लागू आहे, आणि तरी गीझर, शॉवर, वॉशिंग मशीन काहीही अडलं की पहिला दोष रस्त्यावरच्या पाण्याला.

आत्तीचा संशय पावडरीवर. नवीन पुडा गणपतीतच फोडला होता. म्हणून एका सकाळी तिनं पावडरीऐवजी ओट्यावरचं भांडी घासायचं लिक्विड कप्प्यात ओतलं. त्या दिवशी पाणी भरलं आणि मशीन सुरूही झालं, पण अर्ध्या तासात दाराच्या खालच्या फटीतून फेस बाहेर यायला लागला आणि पडद्यावर ई४ आला.

इथं प्रकरण खरं गुंतलं. सर्व्हिसचा पोरगा आला तेव्हा त्याला दोन कोड सांगितले गेले. त्यानं नळ उघडून बघितला, वर गच्चीकडं नजर टाकली आणि निदान केलं:

“मामा, टाकी डोक्यावरच हाय, प्रेशर कुठनं येणार? पंप बसवून घ्या. आन् दोन-दोन कोड दाखवतंय म्हंजी कार्डबी गेलंय बघा.”

पंप आणि कार्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) मिळून जो आकडा त्यानं कागदावर लिहून दिला तो बघून मामांनी मला बोलावलं. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. डिशवॉशर माझा विषय नव्हे, पण कास्टिंगचं रिजेक्शन वाढलं की कारण शोधायचं काम रोजचंच.

पोराचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पुस्तिकेत पाण्याचा दाब ०.०४ ते १ मेगापास्कल हवा असं लिहिलंय. ०.०४ मेगापास्कल म्हणजे साधारण ४ मीटर उंच पाण्याचा दाब. टाकीचा तळ बाल्कनीतल्या नळापासून पावणेतीन मीटरवर, आणि टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पावणेचारच्या वर जात नाही. म्हणजे कंपनीची अट या घरात कधीच पाळली गेली नव्हती. शिवाय सकाळी मोटर लावल्यावर टाकी भरलेली, रात्री तळाला गेलेली, आणि ई१ नेमका रात्री. दाबाचा सिद्धांत सगळीकडून जुळत होता.

एकच गोष्ट जुळत नव्हती. हीच टाकी, हाच नळ आणि हाच दाब घेऊन मशीन इतकी वर्षं रात्रीच चाललं होतं. फौंड्रीत काल माल चांगला होता आणि आज ब्लोहोल (ओतीव मालात हवेची भोकं) आले, तर साच्याची वाळू मुळातच कशी आहे हे कुणी विचारत नाही, काल आणि आजमध्ये काय बदललं ते विचारतात. दाब बदललेला नव्हता.

आधी ई४ बाजूला केला

दोन कोड एकत्र धरले की माणूस दोघांना मिळून एक मोठं कारण शोधतो, आणि मोठं कारण म्हटलं की कार्डच. म्हणून आधी ई४ वेगळा काढायचं ठरवलं.

नळ बंद केला, प्लग काढला, मशीन बाहेर ओढलं. पुढची खालची पट्टी दोन स्क्रूवर असते. ती काढून बॅटरी मारली तर तळाच्या ट्रेमध्ये फेसाळ पाणी साचलेलं आणि त्यावर थर्माकोलचा फ्लोट वर उचललेला. हा फ्लोट वर गेला की खालचा स्विच दाबला जातो आणि ई४ येतो. डिशवॉशरची पावडर फेस न होणारी असते. हातानं घासायचं लिक्विड फेसासाठीच केलेलं, आणि आतले फवारे ते जोरात घुसळतात. फेस सापडेल त्या फटीतून बाहेर पडतो आणि ट्रेमध्ये जाऊन पाणी होतो.

स्पंजनं ट्रे कोरडा केला, रात्रभर टेबलफॅन लावून ठेवला. सकाळी टाकी भरलेली असताना रिकाम्या मशीनचं नुसतं धुवून काढायचं चक्र चालवलं, फेस संपेपर्यंत. ई४ गेला आणि परत आला नाही. म्हणजे कार्डानं काहीच चूक केली नव्हती. ट्रेमध्ये पाणी होतं आणि त्यानं पाणी आहे असं सांगितलं.

लगे हाथ आतली गाळणीही काढून धुतली. तीळ, खोबऱ्याचा चोथा, हाडाची एक बारीक कपची. गाळणी भरली तर भांडी नीट निघत नाहीत, कधी पाणी बाहेर जायला अडतं, पण पाणी आत यायच्या वाटेशी तिचा संबंध नाही. साफ केली म्हणून ई१ वर फरक पडेल अशी अपेक्षा नव्हती, आणि पडलाही नाही.

मग आत येणारं पाणी

नळापासून मशीनपर्यंत जी जाड नळी येते तिच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी एक जाळी असते. पक्कडीनं ती ओढून काढली. टेफलॉन टेपचे पांढरे तंतू आणि थोडी बारीक वाळू. चार बोटांवर घेऊन आत्तीला दाखवली तेव्हा तिला वाटलं, सापडलं. जाळी ब्रशनं घासून बसवली, दुसरं काहीही हलवलं नाही, रात्री मशीन लावलं. ई१.

एकावेळी एकच बदल, हा हट्ट घरात फार चिडचिडीचा होतो. मामा म्हणत होते जाळी साफ झालीच आहे तर मशीनमधला पाणी आत सोडणारा व्हॉल्व्हही बदलून टाकू, नळाचा कॉकही नवा टाकू. तसं केलं असतं आणि कोड गेला असता तर कशानं गेला ते कुणालाच कळलं नसतं. दोन महिन्यांनी परत आला असता तर पुन्हा सगळं बदलायचं.

नंतर बादली. मशीनच्या बाजूनं नळी सोडवली, बादलीत धरली, नळ उघडला आणि मोबाईलवर एक मिनिट लावलं. रात्री, टाकी खाली गेलेली असताना, पाच लिटरच्या आसपास पाणी आलं. मशीनला एका भरणीला तीन-चार लिटर पुरतं. अर्थात नळीतून मोकळं पडणारं पाणी आणि व्हॉल्व्हमधून जाणारं पाणी सारखं नसतं. आतला व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबाचा आधार घेऊन पडदा उचलतो, दाब कमी असला की तो अर्धवट उघडतो. तरीही मिनिटाला पाच लिटर येणाऱ्या लाईनीवर तळ ‘कोरडा ठाक’ राहावा हे पटण्यासारखं नव्हतं. कमी पाणी आलं असतं तर कमी पाणी दिसायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं.

प्लग काढून मल्टिमीटरनं व्हॉल्व्हची कॉइल तपासली. काही हजार ओहम, म्हणजे तुटलेली नाही. आणि मशीन लावल्यावर पाणी आत शिरतानाचा सळसळ आवाज स्पष्ट यायचा. पाणी येत होतं.

आत्तीचा भुरका

हे सगळं चालू असताना आत्ती दारात उभी राहून म्हणाली, “कोड यायच्या आधी ते भुरका मारतंय बघ. रश्श्याची वाटी तोंडाला लावल्यासारखं.”

तिनं ही गोष्ट सर्व्हिसवाल्याला सांगितली नव्हती, कारण त्यानं विचारलंच नव्हतं. पण भुरका म्हणजे पाण्यासोबत हवा ओढली जाणं, आणि असा आवाज पाणी संपत आल्यावरच येतो. म्हणजे तळातून पाणी कुणीतरी ओढत होतं. मशीनचा पंप त्यावेळी बंद असतो. तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष आत येणाऱ्या नळीवरून बाहेर जाणाऱ्या नळीकडं गेलं.

घाण पाणी बाहेर टाकणारी राखाडी, खरबरीत नळी मशीनच्या मागून निघून थेट बाल्कनीच्या फरशीवर उतरली होती आणि मोरीच्या जाळीला मधोमध जे भोक असतं त्यात आत खुपसलेली होती. वॉशिंग मशीनसाठी मिळते तीच भोकाची जाळी. गणपतीच्या साफसफाईत मामांनी ती नवी आणून बसवली. आधी डिशवॉशरची नळी सिंकच्या कडेला प्लॅस्टिकच्या वाकड्या हुकावर टांगलेली असायची आणि ओट्यावर पाण्याचे शिंतोडे उडायचे. मामांनी विचार केला की वॉशिंग मशीनची नळी खालीच सोडतात, हीसुद्धा खालीच जाऊ दे. एकाच भोकात दोन नळ्या मावत नव्हत्या, म्हणून दोन जाळ्या आणल्या होत्या. काम अगदी नेटकं.

त्यांच्या वॉशिंग मशीनला ते चालतंच. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच मशीनमध्ये तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उतारानं आपोआप निघून जातं, तिथं नळी खाली असलीच पाहिजे. डिशवॉशर पाणी पंपानं बाहेर फेकतं. त्याच्या नळीचं टोक जमिनीपासून ४० सेंटिमीटर ते १ मीटर उंचीवर हवं आणि ते पाण्यात बुडलेलं नको. पुस्तिकेत हे बसवण्याच्या प्रकरणात लिहिलंय. कोडच्या तक्त्यात त्याचा उल्लेख नाही, त्यामुळं ई१ बघून कुणी तिथपर्यंत जात नाही.

मशीन सुरू झालं की आधी अर्धा मिनिट पंप चालवून राहिलेलं पाणी बाहेर टाकतं. त्यात ही नळी काठोकाठ भरते. पंप थांबतो, पण नळीचं टोक मशीनच्या तळापेक्षा खाली, मोरीच्या ट्रॅपमधल्या (जाळीखाली पाणी साठून राहतं त्या भागातल्या) पाण्यात बुडालेलं. हवा शिरायला जागा नाही, म्हणून भरलेली नळी पाणी ओढतच राहते. इकडून व्हॉल्व्ह पाणी सोडतो, तिकडून नळी ते घेऊन जाते. पाण्याची पातळी मोजणारा स्विच एका बारीक नळीतल्या कोंडलेल्या हवेच्या दाबावर चालतो. पातळीच वाढली नाही तर तो लागत नाही. ठरलेली मिनिटं संपली की मशीन व्हॉल्व्ह बंद करतं, उरलेलं पाणीही नळी ओढून नेते, शेवटी भुरका, आणि ई१.

रात्रीच का, त्याचाही उलगडा यात होता. टाकी भरलेली असली की येणारं पाणी जाणाऱ्याच्या थोडं पुढं राहायचं, पातळी कशीबशी गाठली जायची. टाकी खाली गेली की जाणारं जिंकायचं. शिवाय मावशी बाल्कनी झाडताना नळी कधी आत ढकलायच्या, कधी ती वर सरकायची. टोक पाण्याच्या वर राहिलं त्या दिवशी मशीन बिनबोभाट चालायचं.

खात्री

तर्क जुळला म्हणून थांबलो नाही. तर्क सर्व्हिसवाल्याचाही जुळला होता.

रात्री टाकी खाली गेल्यावर नळी भोकातून बाहेर काढून शेजारी ठेवलेल्या टबात, टबातल्या पाण्याखाली धरली आणि मशीन लावलं. पंप घरघरला, थांबला. सळसळ सुरू झाली. आणि पंप गप्प असताना टबात हाताला नळीच्या तोंडातून येणारी करंगळीएवढी धार लागायला लागली. स्वच्छ पाणी. मामांना हात घालायला लावला. ते काही बोलले नाहीत, पण हात बराच वेळ तिथंच ठेवून उभे होते.

मग नळी तशीच उचलून कमरेच्या वर धरली. नळीतलं पाणी गुडगुड करत मशीनमध्ये परत गेलं. दोन-तीन मिनिटांत आतून फवाऱ्यांचा धपधप आवाज आला आणि धुणं सुरू झालं.

ते चक्र बंद करून नळी मुद्दाम परत मोरीत खुपसली, पुन्हा सुरू केलं. ई१. बाहेर काढून उंच टांगली. धुणं सुरू. आत्तीला हे उलटसुलट कशासाठी ते कळेना, चालतंय तर चालू दे की. पण दोष हवा तेव्हा घालवता आला आणि हवा तेव्हा परत आणता आला, तरच कारण हाती लागलं असं मी धरतो. नुसता घालवता येणं पुरत नाही. या घरात पंप बसवला असता तर कोड नक्की गेला असता. येणारं पाणी वाढलं असतं, पातळी गाठली गेली असती, सर्व्हिसवाल्याचं निदान बरोबर ठरलं असतं, आणि मशीन रोज रात्री आत घेतलेलं पाणी मोरीत सोडत बसलं असतं. कुणालाही कधीच कळलं नसतं. पावडर वाया, तापवलेलं पाणी वाया, भांडी अर्धवट निघायची ती वेगळीच.

काय केलं

लक्ष्मीपुरीतून दीड इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा, एक एल्बो आणि दोन क्लँप आणले. पाईप भिंतीला उभा बसवून खालचं टोक मोरीत सोडलं, वरचं टोक फरशीपासून ६० सेंटिमीटरवर. डिशवॉशरची नळी वरून त्यात वीतभर आत, सैल. पाईप आणि नळीमध्ये फट राहिली पाहिजे, तिथून हवा आत जाते आणि ओढ तुटते. प्लंबर ती फट बघून सिलिकॉन भरायला निघाला होता. “घाण वास यील, सायेब.” त्याला थांबवावं लागलं. वास ट्रॅपमधलं पाणी अडवतं, सिलिकॉन भरलं असतं तर आम्ही परत ई१ वर आलो असतो.

सर्व्हिस सेंटरला फोन करून कार्डाची ऑर्डर रद्द केली. पोरगा फोनवर म्हणाला, ठीक आहे, पण प्रेशर कमी आहे हे लिहून ठेवतो. त्यात त्याचं काही चुकलं नाही, प्रेशर कमीच आहे.

पंपाचा विषय मामांनी पूर्ण सोडलेला नाही. नळी उंच केल्यावर टाकी भरलेली असताना आणि तळाला गेलेली असताना, दोन्ही वेळा मशीन भरायला किती वेळ घेतं ते मी मोजून फ्रीजवर चिकटवलंय. रात्रीची वेळ जवळजवळ दीडपट येते, पण कोडाच्या मर्यादेत. उन्हाळ्यात पाणी एकाआड एक दिवस आलं आणि टाकी आणखी खाली राहिली, तर वेळ वाढेल. तेव्हा ई१ दिसला तर आधी ती जाळी काढून बघायची, मग बादली लावायची. पंप त्यानंतर.